शहागडकरांनो, पाणी कुठवर आलं होतं ते खांबावर लिहा

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण 1 मेच्या ग्रामसभेच्या आधी वाचा. वाचून मला शिव्या द्यायच्या असतील तर कमेंटमध्ये द्या, फोन करून देऊ नका. फोनवर मी भांडतो आणि मग दोघांचाही दिवस जातो.

28 सप्टेंबर 2025 ची रात्र आठवा. पैठणच्या धरणाचे सगळे दरवाजे उचललेले आणि आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच खेळ चालू: विसर्ग एक लाख, विसर्ग दीड लाख, विसर्ग दोन लाखांच्या पुढं. दर अर्ध्या तासाला कुणीतरी नवा आकडा टाकायचा, खाली हात जोडलेल्या खुणा आणि 'काळजी घ्या'. मीही टाकले. तेवढ्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याचं घर नदीच्या अंगाला. तो म्हणाला, "दादा, ते दोन लाख म्हणजे माझ्या ओट्यापर्यंत का पत्र्यापर्यंत?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यातल्याही कुणाला देता आलं नाही. शेवटी "तू आधी लेकरं घेऊन वर ये, बाकीचं नंतर बघू" एवढंच सांगितलं. तो आला, वहिनी आल्या, लेकरं आली. म्हैस आणायला तो परत गेला, तेव्हा घरातल्या बायका देवापुढं बसल्या. म्हैसही आली. म्हणून ही पोस्ट मी शांत डोक्यानं लिहू शकतोय.

आता खरी गोष्ट. त्याच्या त्या प्लॉटच्या इसारपावतीवर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. भर उन्हाळ्यात गेलो होतो बघायला. नदीत पाणी नव्हतं, वाळूही नव्हती, नुसते खड्डे होते. प्लॉटवाला म्हणाला, "हायवे पाच मिनिटांवर, हवा मोकळी, आणि भाव बघा." नदी किती मिनिटांवर आहे हे ना त्यानं सांगितलं, ना आम्ही विचारलं. चहा प्यायलो आणि सही करून आलो. त्यामुळं पुढं जे लिहितोय त्यात मी कुणा वरच्या जागेवर बसून बोलत नाही. मीही त्यातलाच.

आपल्या म्हाताऱ्या माणसांकडं दोन शब्द होते, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे राहायची जागा, काळी म्हणजे पिकवायची. गोदाकाठचं कुठलंही जुनं गाव बघा. पांढरी उंचवट्यावर आणि काळी खाली, पाण्याच्या बाजूला. त्यांच्याकडं ना उपग्रह होता ना हवामान खात्याचा रेड अलर्ट. पण दहा पिढ्यांनी पाहिलेलं पाणी त्यांनी जागेच्या नावातच लिहून ठेवलं होतं. काळीत पीक बुडालं तर एक हंगाम जातो, घर बुडालं तर माणूस जातो, इतका साधा हिशोब. आज आपण जे प्लॉट पाडतोय ते बहुतेक काळीत पाडतोय. का, तर पांढरीत जागा उरली नाही आणि रस्त्याकडची जागा सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली. धुळे-सोलापूर हायवे चौपदरी झाला तसं शहागड नुसतं गाव राहिलं नाही. संभाजीनगर आणि बीडच्या मधलं थांब्याचं ठिकाण झालं. हॉटेलं आली, गॅरेजं आली, खताची-बियाण्याची दुकानं, दवाखाने, कोचिंग क्लास आले. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं लेकरांच्या शाळेसाठी इथं यायला लागली. याचा मला आनंदच आहे. पण ज्याच्याकडं पैसा तो रस्त्याला लागून, आणि ज्याच्याकडं नाही तो नदीला लागून, अशी ही वाढ आहे.

"नदीची भीती कसली, वर धरण आहे की." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, स्वतःही बोललोय. जरा थांबून विचार करू.

जायकवाडीची पायाभरणी 1965 ला झाली, लोकार्पण 1976 ला. त्याच्या आधी गोदामाय जवळजवळ दरवर्षी थोडीफार अंगणात यायची. लोकांना तिची सवय होती. धरण झालं आणि हे लहान लहान पूर बंद झाले. पावसाळा निम्मा संपेपर्यंत पाणी वर अडतं, खाली पात्र कोरडं. त्यात 2012 पासून पुढची चार-पाच वर्षं आठवा. धरणच मृतसाठ्यात, आणि आपण नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून मोर्चे काढतोय, कोर्टात जातोय. त्या वर्षांत शाळेत गेलेल्या पोराला नदी म्हणजे वाळूच्या ट्रॅक्टरची वाट, एवढंच माहीत. याच दिवसांत काठावरची जागा 'सेफ' वाटायला लागली.

पण धरणानं लहान पूर थांबवला, मोठा पूर थांबवलेला नाही. तो थांबवणं त्याला शक्यही नाही. धरण आपलं तहान भागवायला आणि शेतीला बांधलंय, त्यामुळं ते सप्टेंबरपर्यंत भरलेलं असावं हीच आपली सगळ्यांची इच्छा असते. 1522 फुटांना ते भरतं. भरल्यावर वरून जेवढं पाणी येईल तेवढं खाली सोडावंच लागतं, दुसरा मार्ग नसतो. म्हणजे ज्या वर्षी आपण पेढे वाटतो, 'नाथसागर शंभर टक्के' म्हणून स्टेटस ठेवतो, त्याच वर्षी उशिरा मोठा पाऊस झाला तर पुराचा धोका सगळ्यात जास्त. 2006 च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, पैठण शहरात पाणी शिरलं. 2025 ला पुन्हा तेच. मधली एकोणीस वर्षं आपण त्या दोन पुरांच्या मधल्या जागेत प्लॉट पाडत होतो.

दोन लाख क्युसेक म्हणजे किती हे आपल्या मराठवाड्याच्या मापात सांगतो, कारण आपल्याला टँकर समजतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दोन लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला साडेपाचशेपेक्षा जास्त टँकर. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत दोन हजार टँकर पुलाखालून गेले.

आणि तरीही हा आकडा माझ्या मावसभावाच्या उपयोगाचा नाही. क्युसेक म्हणजे वाहणारं पाणी, उंची नव्हे. 25 जुलै 2024 ला पुण्यात खडकवासल्यातून 35 हजारांच्या आसपास क्युसेक सोडले आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पार्किंग बुडून घरात पाणी गेलं. आपल्याकडं 35 हजार सुटले तर पोरं पुलावर सेल्फी काढायला जातात. नदी वेगळी, पात्र वेगळं, म्हणून आकड्याचा अर्थ वेगळा. 'एक लाखाला पाणी अमुक ओढ्यापर्यंत, दीड लाखाला अमुक मंदिराच्या पायरीपर्यंत, अडीच लाखाला अमुक गल्लीत' असा तक्ता गावाच्या हातात नसेल, तर मोबाइलवरचा आकडा म्हणजे नुसती घबराट. नाहीतर नुसती करमणूक.

हे काही शहागडपुरतं नाही. 2011 ला थायलंडमध्ये असंच झालं. आधीच्या वर्षीच्या टंचाईनं पोळलेले लोक, म्हणून धरणं भरून घेतली, वरून पाऊस थांबेना, आणि सोडावं लागलेलं पाणी बँकॉकच्या वरच्या अंगाच्या कारखान्यांत शिरलं. भातशेतीच्या सखल जमिनीवर उभ्या केलेल्या औद्योगिक वसाहती होत्या त्या. त्यांची काळीच म्हणा. तिथं कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क बनायच्या. जगभर त्यांचे भाव वाढले. 2015 च्या डिसेंबरात चेन्नईत चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सुटलं आणि अड्यार नदीकाठ बुडाला. नंतर कॅगच्या अहवालानं त्या पुराला मानवनिर्मित म्हटलं. मोठी शहरं बुडाली की टीव्हीवर चर्चा होते, समिती बसते. शहागडसारखं गाव, जे धड गाव राहिलं नाही आणि शहर अजून झालं नाही, ते बुडालं की पंचनामा होतो. एवढाच फरक.

सुरतचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते आपल्याच 2006 च्या ऑगस्टचं आहे. त्याच आठवड्यात तापीवरच्या उकाई धरणातून आपल्या तिप्पट-चौपट पाणी सुटलं आणि सुरत दिवसच्या दिवस पाण्यात राहिली. पण सुरतनं पुढं काम केलं. वर धरणात पाणी किती येणार याचा अंदाज आधीच घ्यायचा, किती सोडलं तर कोणत्या वस्तीत किती चढेल हे आधीच काढून ठेवायचं, आणि तसा निरोप त्या त्या वस्तीला द्यायचा. तिथली महापालिका श्रीमंत आहे, मान्य. पण खांबावर रंगाची रेघ मारायला किती पैसे लागतात? एक डबा ऑइल पेंट आणि एक पेंटर.

आता कायद्याकडं येतो, कारण प्लॉटवाले पहिला मुद्दा हाच काढतात, "सगळं कायदेशीर आहे."

नदीकाठी दोन रेषा असतात. निळी आणि लाल. ढोबळ भाषेत, पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. धरणाच्या खालच्या भागात सांडव्यातून जास्तीत जास्त किती पाणी सुटू शकतं तेही लाल रेषेसाठी बघावं लागतं. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटी घालून. पाटबंधारे खात्याचं याबद्दलचं परिपत्रक 1989 चं आहे. म्हणजे आपल्या गावातला प्लॉट घेणारा निम्मा वर्ग जन्मलाही नव्हता तेव्हापासून हा नियम आहे. मला सांगा, गावात एखाद्या विजेच्या खांबावर, पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या भिंतीवर निळी रेघ कुणी बघितलीय का? मला दाखवा, मी ही पोस्ट डिलीट करतो.

दुसरीकडं जमीन महसूल संहितेत 42-ड हे कलम आलं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन, ठरलेली फी भरली की, बिगरशेती मानायची. हेतू चांगला. गाव वाढतं, माणसाला साध्या घरासाठी तहसीलच्या दहा चकरा का? पण हे 200 मीटर गावाच्या चारी बाजूंनी मोजले जातात. आपल्या गावाच्या एका बाजूला गोदावरी आहे, हे त्या 200 मीटरला माहीत नाही. पूररेषेचा नियम बांधकामाच्या वेळी आड येतो खरा, पण तोवर प्लॉट विकून माणूस मोकळा झालेला असतो. त्यात जुलै 2025 मध्ये विधानसभेत तुकडेबंदी कायदा शिथिल करायची घोषणा झाली. एक-एक गुंठा घेऊन अडकलेल्या लाखो गरिबांना त्यातून दिलासा आहे, हे मी नाकारत नाही. पण कागद नियमित झाला म्हणून जमीन उंच होत नाही. गुंठा नियमित करताना तो पाण्याखाली जातो का, एवढा एक रकाना त्या फॉर्ममध्ये असायला काय हरकत होती?

आणि आपला लाडका नमुना नंबर आठ! ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या रजिस्टरला नाव लागलं, उतारा हातात आला, की आपल्याला वाटतं घर पक्कं झालं. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावासुद्धा नाही, सुरक्षिततेचा तर दूरच. पण त्यावरच लाइटचं मीटर येतं, नळ येतो, रस्त्याचा मुरूम येतो, मतं येतात. असं करत करत काळीतला प्लॉट पांढरीत जमा होतो.

मी हे विचारायला एका कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही, बसलेला माणूस वाईट नव्हता, चहा पाजला त्यानं. तो म्हणाला, आमचं काम पाण्याचं, बांधकामाचं नाही. दुसरीकडं गेलो तर तिथं सांगितलं, आमचं काम बांधकामाचं, पाण्याचं नाही. मात्र आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा आहे, आणि त्यात जिल्हा प्राधिकरणाला, म्हणजे ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात त्याला, जिल्ह्यातलं कुठलंही बांधकाम आपत्तीच्या दृष्टीनं तपासायचा आणि संबंधितांना कारवाई करायला सांगायचा अधिकार दिलाय. अधिकार आहे, पण तो मागायला गावातून कुणी जात नाही. आपण जातो कधी, तर पाणी उतरल्यावर. अनुदानाच्या यादीत नाव आलं का बघायला.

अनुदानाचं आलंच आहे तर बोलतो. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कुणाला किती मिळालं यावर गावागावात भांडणं झाली, त्यात पडत नाही. सपाटीवरचं पक्कं घर पूर्ण पडलं तर आपत्तीच्या निकषात 1 लाख 20 हजार रुपये बसतात. आज स्लॅबचा एक हॉल या पैशात होतो का? म्हणजे जोखीम ज्यानं विकली त्याचा नफा त्याच्या खिशात, आणि ती अंगावर घेणाऱ्याला पंचनाम्याचा कागद. मला राग याचा आहे, पावसाचा नाही.

वाळूवर थोडंच लिहितो, कारण त्यावर लिहिणाऱ्यांचे हाल आपल्याला माहीत आहेत. "उपसा झाला म्हणून पात्र खोल झालं, आता पाणी वर येणार नाही" असा शोध लावणारे शहाणे गावात आहेत. अरे बाबांनो, खड्डा म्हणजे खोली नव्हे. पहिल्या पाण्यात खड्डे भरतात, आणि काठाच्या बुडाशी उपसलेलं असेल तर काठच ढासळतो. पुलाच्या पायाभोवतीचं तर बोलायलाच नको. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल रात्री वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस माणसांसकट नदीत गेल्या. तिथं पूल जुना होता, कारणं वेगळी असतील. पण पुरात पुलाखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही, हे त्या रात्रीनं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. हायवेचंही तेच. भराव टाकून उंच केलेला रस्ता हा एक बांधच असतो. त्याखालच्या मोऱ्या जेवढ्या, तेवढंच शेतातलं पाणी पलीकडं जाणार. मोरीच्या तोंडावर टपरी टाकली की तेही नाही.

काहीजण म्हणतील, याला गावाचा विकास बघवत नाही, प्लॉटचे भाव पाडायला निघालाय. होय, काही प्लॉटचे भाव पडले पाहिजेत. ज्या जागेवर पाणी येतं तिचा भाव पाणी न येणाऱ्या जागेइतका असणं, हीच फसवणूक आहे. आणि जे आधीच घर बांधून राहतायत त्यांना उठवा, असं मी म्हणत नाही. माझाच मावसभाऊ आहे तिथं. आयुष्याची कमाई घातलीय त्यानं. त्यांना पहिल्यांदा वेळेवर आणि समजेल असा निरोप पाहिजे, रात्री जनावरांसकट थांबायला उंचावरची ठरलेली जागा पाहिजे, आणि सरकारी घरकुल मंजूर होत असेल तर ते वरच्या जागेत पाहिजे. जुन्यांना सांभाळा, नवे खाली उतरवू नका. यात विकासविरोधी काय आहे?

1 मेच्या ग्रामसभेसाठी मी ठराव लिहून काढलाय. तीनच गोष्टी आहेत. 2006 आणि 2025 ला पाणी जिथवर आलं तिथं खांबांवर आणि भिंतींवर तारखेसह रेघ मारायची, आणि जलसंपदा विभागाकडून निळी-लाल रेषा मागवून त्याही पंधरा दिवसांत रंगवायच्या. किती विसर्गाला पाणी कुठं येतं याचा तक्ता मागवून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायचा. यासाठी वरच्या हिरडपुरी आणि खालच्या जोगलादेवी बंधाऱ्यांचे दरवाजे कधी उघडतात याची माहितीही त्यात पाहिजे. आणि निळ्या रेषेच्या आतल्या नव्या घराची नमुना आठला नोंद करायची नाही, मग तो कुणाचाही पाहुणा असो.

पहिल्या गोष्टीला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पाणी कुठवर होतं हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत, आणि 2025 चे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. ज्यांच्याकडं त्या दोन दिवसांचे फोटो-व्हिडिओ असतील त्यांनी जागा आणि वेळ लिहून मला पाठवा. गणपतीला आलेले फिल्टर लावलेले नकोत, पाण्याची कड दिसणारे पाहिजेत.

ठरावाला सूचक म्हणून माझं नाव टाकलंय. अनुमोदक म्हणून मावसभावाला विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, रेघ मारली तर माझ्या घराला गिऱ्हाईक येईल का?" मी म्हटलं, नाही येणार. तो बराच वेळ गप्प बसला. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. दुसरं कुणी अनुमोदक व्हायला तयार असेल तर 1 मेला सकाळी पंचायतीसमोर भेटा, अर्ज माझ्या खिशात असेल.